माकडांना खाऊकट्टा नको, हरणांना चारा-तिकीट नको
वन आणि पर्यटन यांचा कारभार पाहणाऱ्या गोव्यातील अधिकाऱ्यांना खुले पत्र

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

पर्यटनवाढीसाठी आमच्या भागात नुकत्याच झालेल्या एका बैठकीत एक कल्पना मांडली गेली. घाटात गाड्या थांबवून लोक माकडांना खाऊ घालतातच, तर ते निदान शिस्तीत व्हावे. रस्त्याच्या कडेला एक कट्टा बांधावा, तिथे केळी, चणे, शेंगदाणे यांची पाकिटे ठेवावीत आणि विक्रीचे काम महिलांच्या स्वयंसहाय्य गटाला द्यावे. ते जमले की दुसऱ्या टप्प्यात हरणांसाठी कुंपण घालावे, म्हणजे तिकीट काढून मुलांना हाताने चारा भरवता येईल, जपानमध्ये भरवतात तसा. टाळ्या पडल्या, चहा-भजी झाली, बैठक संपली. कल्पना अजून कागदावर आलेली नाही असे सांगतात. ती यायच्या आत लिहिते आहे, कारण आपल्याकडे एकदा कागद झाला की तो फिरवायला दहा कागद लागतात.

मी कोण, हे आधी सांगते. चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, सत्तरी तालुक्यात, आमचे कुळागर आहे. माड, पोफळी, पोफळींवर चढवलेली मिरी, मधून जायफळ आणि केळी. घरची चूल या बागेवर चालते. आणि ज्या स्वयंसहाय्य गटांना कट्टा देण्याची भाषा झाली, तशाच एका गटात मी आहे. म्हणजे उद्या कट्टा झाला तर माझ्याच बागेतली केळी मी पर्यटकाला विकणार, पर्यटक ती माकडाला देणार आणि माकड पुन्हा माझ्या बागेत येणार. वरवर पाहता तीनदा फायदा. तरीही मी नको म्हणते आहे, ते का हे ऐकून घ्यावे.

बैठकीत एक मुद्दा फार जोरात मांडला गेला, आणि भल्याभल्यांना तो पटतो म्हणून सुरुवात त्यानेच करते. मुद्दा असा: माकडांना एका जागी पोटभर मिळाले तर ती बागांत उतरणार नाहीत, म्हणजे शेतकऱ्याचेही भले. ऐकायला सरळ आहे. पण पर्यटक कधी येतो ते बघा. पावसाळ्यात घाटातले धबधबे सुरू झाले की शनिवार-रविवारी वळणावळणावर गाड्या उभ्या असतात. केळी, बिस्किटे, वेफर्स, उकडलेली कणसे, काय वाटेल ते कठड्यावर पडते. सोमवारी सकाळी घाट रिकामा. टोळी मात्र तिथेच, आणि तिला दोन दिवसांची सवय लागलेली. अकरा वाजेपर्यंत ती वाट बघते आणि मग खाली उतरते. आमच्या वाड्यावर कोणत्याही बागायतदाराला विचारा, आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस कोणता. सोमवार. शहाळी धरायच्या आत कोवळी बोंडे खाली, केळीचा घड अर्धा सोललेला, चवथीला गणपतीवर फळे-पाने टांगतात त्या माटोळीसाठी राखलेला रसबाळीचा घडसुद्धा. रविवारच्या खाण्याने वाढलेल्या टोळीला सोमवारी जेवू घालायची जबाबदारी कुणाची, याचे उत्तर त्या बैठकीत कुणी दिले नाही. खरे तर कुणी विचारलेही नाही.

टोळी वाढते हे मी रागाने म्हणत नाही. आयते, पिठूळ, गोड खाणे वर्षभर मिळाले की माद्यांना पिल्ले लवकर होतात आणि त्यातली जास्त जगतात, हे वानरकुळावर काम करणारे अभ्यासक जगभर सांगत आले आहेत. रानातल्या माकडाचा दिवस हिंडण्यात जातो. उंबर पिकला तिकडे, वडाला फळ धरले तिकडे, मग कोवळी पाने, फुले, पानाखालचे किडे. फळ गालाच्या पिशवीत भरायचे आणि बी वाटेत कुठेतरी थुंकायची. त्यातून रान पुन्हा उगवते. हेच माकड कठड्यावर बसून वेफर्सच्या पाकिटाची वाट बघू लागले की रानाला त्याचा उपयोग संपला. म्हणजे नुकसान आमच्या बागेपुरते नाही. ज्या जंगलाची जाहिरात करून आपण पर्यटक बोलावता, त्या जंगलाचा एक गडी कमी होतो.

आणि त्या माकडाचे स्वतःचे काय होते? दुधसागरला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. तिथली माकडे पिशवी बघून अंगावर येतात, हातातले ओढून घेतात. लहान मूल दिसले तर अधिकच धीट होतात, कारण मूल त्यांच्याच उंचीचे. माणसाची भीती ही वन्यप्राण्याची सगळ्यात मोठी राखण असते. खाऊ घालणारा पहिली तीच काढून घेतो. मग माकड रस्त्यावर बसते, ट्रकखाली येते, मागून येणारी गाडी त्याला चुकवायला जाऊन कठड्यावर आदळते. धुक्यात, पावसात, आंधळ्या वळणावर एक गाडी 'फक्त दोन मिनिटे' थांबलेली असते, तेवढे पुरते. आमच्या शेजारच्या मुलाला शाळेतून येताना माकड चावले. खाऊ त्याच्याकडे नव्हता, पाठीवर दप्तर होते. माकडाला दप्तर आणि पिशवी यांतला फरक कसा कळावा? मुलाला रेबीजची सगळी इंजेक्शने घ्यावी लागली. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाला, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण ते यश गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचल्याचे आहे. घाटातल्या माकडांना कोण टोचणार?

आता माकडतापाबद्दल. इथे मी जपून लिहिते, कारण सत्तरीत या विषयावर अफवांना तोटा नाही. हा ताप १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि २०१५ पासून तो आमच्या सत्तरीत आहे. माकडाला खाऊ घातल्याने तो होत नाही. तो होतो विषाणू असलेली गोचीड चावल्याने. पण त्याच गोचिडी माकडांच्या अंगावर असतात, माकडे या तापाने मरतात, आणि माकड मेले की गोचिडी खाली उतरून दुसरे अंग शोधतात. तापाचा मोसम आणि आमचा काजूचा मोसम जवळजवळ एकच. बायामाणसे पहाटेपासून बोंडू वेचायला पाचोळ्यात वाकलेली असतात. ज्या भागात मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, ताबडतोब कळवा, असे आरोग्य कर्मचारी घरोघरी सांगून जातात, त्याच भागात माकडांना रोज एका जागी, माणसांच्या गर्दीत, गोळा करणारा कट्टा बांधायचा? एका खात्याचे कर्मचारी लांब राहा म्हणणार आणि दुसऱ्या खात्याचा फलक जवळ या म्हणणार. आमच्या म्हाताऱ्यांनी कुणाचे ऐकायचे?

हरणांकडे येते. बैठकीत हरणे दुसऱ्या टप्प्यात होती, पण माझ्या दृष्टीने तो टप्पा पहिल्यापेक्षा वाईट आहे.

चितळ काय, सांबर काय, ही रवंथ करणारी जनावरे. गाईसारखेच चार कप्प्यांचे पोट. पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव असतात आणि पाला-गवत पचवण्याचे काम खरे तर तेच करतात. हे सूक्ष्मजीव खाण्याप्रमाणे बदलतात, पण हळूहळू, दिवसांच्या हिशेबाने. एकदम पाव, बिस्किट, भात, मका असे पिठूळ खाणे पोटात गेले की तिथे आम्ल तयार होते, पोट फुगते, जनावर खाली बसते आणि पुष्कळदा उठत नाही. ज्याच्या गोठ्यात गाय आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. लग्नघरचा उरलेला भात गाईपुढे ओतल्यावर काय होते ते त्याने पाहिलेले असते. गाईला निदान मालक असतो, तो रात्री डॉक्टर आणतो. हरिण रात्री कुणाला सांगणार? आणि तिकिटावर 'फक्त चारा' असे छापल्याने खिशातले बिस्किट खिशातच राहते यावर आपला विश्वास असेल, तर आपण कधी सहलीच्या बसमधून प्रवास केलेला नाही.

जपानचे उदाहरण दिले गेले म्हणून तेही पूर्ण बघू. नारा शहरात हजाराहून अधिक हरणे मोकळी फिरतात आणि पर्यटक त्यांना तांदळाच्या कोंड्याची बिनसाखरेची खास बिस्किटे देतात, हे खरे. तिथे ही हरणे शतकानुशतके पवित्र मानली जातात, त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्था आहे आणि तिथल्या पर्यटकाची शिस्त जगाला ठाऊक आहे. इतके असून २०१९ मध्ये काही महिन्यांत मेलेल्या चौदा हरणांपैकी नऊ हरणांच्या पोटात प्लास्टिक निघाले. एकाच्या पोटातून तर ४.३ किलो. पिशवीला खाण्याचा वास लागलेला असतो, हरणाला पिशवी आणि बिस्किट एकच. जिथे कागदाचा कपटा रस्त्यावर दिसत नाही अशा देशातली ही गत. आपल्या घाटाची दरी एकदा कठड्यावरून वाकून पाहा, मग जपानचे नाव घ्या.

शिवाय कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांचे प्रकरण आले. त्यातले कलम ३८-जे अगदी सोप्या भाषेत सांगते की प्राणिसंग्रहालयात कुणीही प्राण्याला चिडवू नये, इजा करू नये, खायला घालू नये. आणि बंदिस्त प्राणी लोकांना दाखवण्यासाठी ठेवलेली जागा कायद्याच्या नजरेत प्राणिसंग्रहालयच ठरते. वर 'हरिण-उद्यान' अशी पाटी लावली म्हणून ती वेगळी होत नाही. बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात आपण मुलांना घेऊन जातो तेव्हा पिंजऱ्यातल्या प्राण्याला काही घालू नका असे बजावतो, ते उगाच नाही. मग जे पिंजऱ्यातल्या हरणाला घालणे गुन्हा, ते तिकीट लावले की पर्यटन कसे होते, हे कायदा जाणणाऱ्या अधिकाऱ्याने मला समजावून सांगावे. मी शिकायला तयार आहे.

एक गोष्ट श्रद्धेची. मारुतीचे नाव घेऊन शनिवारी केळी वाटणारे आमचेच लोक आहेत, त्यांना मी नावे ठेवत नाही. पण आमच्या वाडवडिलांनी जंगली जनावराला द्यायची रीत वेगळी ठेवली होती. गाईला घास, कावळ्याला पान, मुंगीला साखर, ही दाराशी येणाऱ्यांची. रानातल्यांसाठी त्यांनी रान राखले. सत्तरीतल्या देवराया बघा, फांदी तोडायची नाही, पाला वेचायचा नाही. फणसाच्या शेंड्यावरची फळे काढायची नाहीत, ती पाखरांची. फोंड्यात दुर्भाटकडे पौष अमावास्येला माणगे थापणी होते. शेताच्या बांधालगतच्या पाण्यात खऱ्या मगरी असतात, तरी पूजा होते ती चिखलाने थापलेल्या मगरीची. खऱ्या मगरीच्या तोंडाशी नैवेद्य घेऊन जा, असे कुणा पूर्वजाने सांगितले नाही. भूतदया त्यांनाही होती आणि अंतर कुठे ठेवायचे हेही कळत होते.

सगळ्यात जास्त जे सलते ते आता लिहिते. २०१६ मध्ये आपल्या गोव्यात मोरालासुद्धा उपद्रवी प्राण्यांत धरण्याची चर्चा झाली आणि ती देशभर गाजली. माकडे, रानडुकरे, गवे यांच्याबद्दल तशी मागणी दर दोन-चार वर्षांनी पुन्हा होते, आणि ती करणारे शेतकरी माझेच भाऊबंद आहेत. त्यांचे नुकसान खोटे नाही. पण क्रम बघा: आधी रस्त्यावर खाऊ घालून माकड धीट करायचे, मग ते बागेत उतरले की त्याला उपद्रवी म्हणायचे, मग मारायची परवानगी मागायची. खाऊ घालणारा तोवर बेळगावला किंवा पुण्याला पोचलेला असतो, त्याच्या फोनमध्ये फोटो असतो. माणूस आणि जनावर यांच्यातले अंतर मोडले आणि भरपाई वेळेवर आली नाही की शेवट कसा होतो, हे सत्तरीने २०२० च्या जानेवारीत पाहिले आहे. म्हादई अभयारण्यात गोळावलीजवळ चार वाघ मेलेले सापडले, विषबाधेने. तिथे कुणी वाघाला खाऊ घातला नव्हता, गोष्ट वेगळी होती, मान्य. पण जनावर गावाशी आले की मरते जनावरच, हे तिथेही खरे होते.

आता मागण्या.

खाऊकट्ट्याची आणि चारा-तिकिटाची कल्पना इथेच सोडून द्यावी आणि ती सोडली असे लेखी कळवावे. 'विचाराधीन' हा शब्द नको.

अभयारण्यांत आणि चोर्ला, अनमोड या घाटरस्त्यांवर वन्यप्राण्यांना खायला घालण्यास मनाई करणारा स्पष्ट आदेश काढावा, त्यात दंडाची रक्कम असावी आणि दंड घेणारा माणूस कोण हेही असावे. प्राणिसंग्रहालयापुरती कायद्यात ही बंदी नाव घेऊन आहे. मोकळ्या रानासाठी ती तितक्याच सोप्या शब्दांत लोकांपुढे यायला हवी. फलक कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत लावावेत, कारण घाटातल्या गाड्या कुठून येतात ते नंबरपाटीवर दिसते. आणि फलकावर नुसते 'सक्त मनाई' नको, कारण लिहा. 'तुम्ही दिलेल्या बिस्किटाने हे माकड रस्त्यावर मरते' एवढे एक वाक्य पुरे. तपासणी नाक्यावर गाडी तशीही थांबते, दारूच्या बाटल्या मोजल्या जातात. त्याच वेळी एक चिठ्ठी हातात द्यायला किती वेळ लागेल? पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तरी घाटात फिरता पहारा ठेवावा. बाकीच्या दिवशी नसला तरी चालेल, हे मी बागायतदार म्हणून सांगते.

रस्त्यालगतच्या खानावळी आणि खाण्याच्या हातगाड्यांचे उरलेले अन्न उघड्यावर टाकणे बंद करावे. लोक हाताने देतात ते दिसते, पण दरीत ओतलेली पातेली दिसत नाहीत. त्या उष्ट्यावर माकडे येतात, कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबटा येतो. माकडाला उघडता येणार नाहीत अशा झाकणांच्या पेट्या लावा, आणि त्या रिकाम्या करायला गाडीही पाठवा. नुसती पेटी भरून वाहू लागली की तोच कट्टा.

पिकाच्या नुकसानीचा पंचनामा ठरावीक मुदतीत व्हावा. नारळ, पोफळ, केळी, मिरी यांचे दर आजच्या बाजाराशी जुळवावेत. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पडलेली बोंडे कुजून जातात, मग पुरावा म्हणून आम्ही काय दाखवायचे?

जंगलाच्या रिकाम्या पट्ट्यांत ऑस्ट्रेलियन बाभूळ पुरे झाली. उंबर, वड, जांभूळ, फणस, आंबाडा, अशी रानाची झाडे लावा. माकडांना खाऊ घालायची हौसच असेल तर ती अशी फेडा. दहा-पंधरा वर्षे लागतील, पण त्या झाडांना सोमवारची सुट्टी नसते.

जखमी किंवा अनाथ जनावराला खायला घालण्याचे काम आपले कर्मचारी आणि पशुवैद्य यांचे, ते त्यांनी अवश्य करावे. त्याला कुणाचा विरोध नाही, आणि या पत्राचा अर्थ तसा काढू नये.

राहिला प्रश्न बायकांच्या रोजगाराचा, कारण त्याच नावाने ही कल्पना पुढे सरकवली जाते आहे. कट्टा आम्हाला हवाच आहे, पण माणसांसाठी. कोकमाचे आगळ, काजू, मिरी, जायफळाचे लोणचे, गरम पातोळ्या, साळदाटी केळीसुद्धा, पण बसून खायची. घाट संपल्यावर, गावात, जिथे गाड्या उभ्या करायला सपाट जागा आहे, तिथे छपराची सोय आणि पाण्याचा नळ द्या. बाकीचे आम्ही बघतो. आमच्या गटात यावर बोलणे झाले आहे, आणि माकडांसाठी पाकिटे विकायचे काम आले तर ते घ्यायचे नाही असे सगळ्या जणींनी ठरवले आहे. दोघींच्या घरी यावरून वाद झाले, कारण आलेले काम नाकारणे सोपे नसते. तरीही ठराव झाला आणि वहीत सह्या आहेत. दुसऱ्या एखाद्या गटाकडे हे काम न्यायचे आपल्या मनात असेल तर त्याआधी एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या वाड्यावर यावे. बागेची वाट दाखवायला आम्ही असू. चहाही होईल.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
सत्तरीतील एक बागायतदार आणि स्वयंसहाय्य गटाची सभासद